रास आणि रकाना

पहिलं महायुद्ध पेटलं होतं त्या सुमाराला, पुण्याच्या वायव्येला पवनेकाठच्या एका गावात, एक गोरा साहेब आपल्या मदतनिसांना घेऊन घरोघर हिशेब मांडत होता. जमीन किती, बैल किती, नांगर किती, विहिरीला पाणी किती महिने, मजुरीला कोण जातं, सावकाराचं देणं किती. गावाचं नाव पिंपळे सौदागर. साहेबाचं नाव हॅरॉल्ड मान, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. १९१७ साली त्यांचं 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' हे पुस्तक निघालं. हिंदुस्थानातल्या एका गावाचा इतका बारकाईने केलेला आर्थिक हिशेब तोवर फारसा कुणी पाहिला नव्हता.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १९१५ साली, मराठीत 'गावगाडा' आलं होतं. लेखक त्रिंबक नारायण आत्रे, मुलकी नोकरीत मुरलेले गृहस्थ. त्यांच्या पुस्तकात तक्ते शोधायला गेलं तर हाती फार लागत नाही. पण पाटील-कुलकर्णी, बारा बलुतेदार, दारात येणारे फिरस्ते, सरकारी पाहुण्यांची सरबराई, सणवार, जत्रा, सावकार, दुकानदार असं सगळं त्यात खच्चून भरलेलं आहे, आणि तेही अशा मराठीत की वाचताना चावडीवर बसल्यासारखं वाटतं.

समाजशास्त्राच्या वर्गात हल्ली पोरांना दोन पद्धती शिकवतात: संख्यात्मक आणि गुणात्मक. एक मोजते, दुसरी ऐकते. नमुना म्हणून ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली तर मास्तरांचं काम सोपं होईल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण दोन्ही पुन्हा वाचताना ही वाटणी जागोजाग उसवायला लागली.

मुळात दख्खनच्या गावाकडे अशा चौकस नजरेने बघायची सुरुवात झाली तेव्हा हे दोन डबे वेगळे नव्हतेच. पेशवाई बुडाली १८१८ला. त्यानंतर लगेच पुण्याच्या रेसिडेन्सीतला डॉक्टर टॉमस कोट्स नगर रस्त्यावरच्या लोणी गावात, म्हणजे आजच्या लोणीकंदात गेला आणि १८२० साली मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे त्याने त्या गावावर निबंध वाचला. त्यात जमीन आहे, माणसांची मोजदाद आहे, कर्ज आहे. तसंच लोक काय खातात, काय नेसतात, घरं कशी बांधतात, कशाने आजारी पडतात हेही आहे. डॉक्टरच तो. नाडीही बघायची आणि विचारपूसही करायची, ही त्याची रोजची सवय.

मान यांची घडण निराळी. ते यॉर्कचे, आणि शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. त्याच यॉर्क शहरात सीबोम राउंट्री यांनी घरोघर फिरून गरिबी मोजली आणि १९०१ साली आपला गाजलेला ग्रंथ काढला. माणसाला जगायला किमान किती लागतं याचा हिशेब करायचा, आणि कोणतं घर त्या रेषेच्या खाली पडतं ते बघायचं. शहरातली ही रीत मान यांनी इंग्लंडमधल्याच रिजमाउंट नावाच्या खेड्याला लावून पाहिली. काही वर्षं ते आसामात चहाच्या मळ्यांचं संशोधन करत होते आणि १९०७ला पुण्याला आले. शेतकी कॉलेजात खतं, माती, पाणी हे त्यांचे विषय. पण पोरांना सुधारलेली शेती शिकवताना त्यांना पडलेला प्रश्न रसायनाचा नव्हता. ज्या शेतकऱ्याला हे सगळं सांगायचं, त्याच्या हातात मुळात उरतं काय?

पिंपळे सौदागरात त्यांना सापडलेले आकडे पुढे शंभर वर्षं पाठ्यपुस्तकांत फिरत राहिले. जुन्या कागदांवरून त्यांनी काढलं की १७७१ साली तिथल्या खात्याचं सरासरी क्षेत्र ४० एकर होतं. १८१८ला ते साडेसतरा एकरांवर आलं, १८२० ते १८४० या काळात १४वर, आणि १९१४-१५ला ७ एकरांवर. बरं, हे ७ एकरही सलग नव्हेत. १५६ खातेदारांची जमीन सातशेच्या वर तुकड्यांत विखुरलेली होती, आणि त्यातले साडेचारशेहून जास्त तुकडे एकराच्या आतले.

का, ते कुठल्याही शेतकऱ्याच्या घरात विचारावं. बाप गेला, तीन भाऊ वाटणीला बसले. एकाला मळईची जमीन, दुसऱ्याला माळ, तिसऱ्याला विहिरीजवळचं, असं चालत नाही. प्रत्येकाला प्रत्येकातलं हवं. मग मळईचे तीन भाग, माळाचे तीन, विहिरीचे बारे वाटून घ्यायचे. कागदावर वेडेपणा दिसतो, पण एक साल पाऊस दडी मारतो आणि एक साल पवना काठ खाते, अशा मुलखात सगळी अंडी एका टोपलीत न ठेवण्याचा शहाणपणाही त्यात असतो. रकान्यातला '४६३' हा आकडा तीन भावांच्या त्या बैठकीबद्दल काही बोलत नाही. तरीही तो नसता तर असल्या शेकडो बैठकांची बेरीज कुठे जाऊन पोचली हे गावातल्या कोणालाच कळलं नसतं. प्रत्येकाला आपापली वाटणी तेवढी माहीत होती.

मान यांनी गावातल्या १०३ कुटुंबांचे तीन गट पाडले. नुसत्या शेतीवर ज्यांचं ठीक चालतं अशी कुटुंबं निघाली ८. शेती अधिक बाहेरचं काम मिळून ज्यांचं भागतं ती २८. पिंपळे सौदागरचं नशीब म्हणायचं की खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना हाकेच्या अंतरावर होता. उरलेली ६७ कुटुंबं बुडती. म्हणजे दर तीन घरांतली दोन.

या हिशेबातली एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, आणि मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. 'भागतं' की 'भागत नाही' हे ठरवायला माप लागतं. ते माप मान यांनी यॉर्कहून आणलं नाही. एका कुटुंबाला वर्षाला धान्य किती, कपडालत्ता किती, सणाला किती, हे गावानेच आपल्या राहणीप्रमाणे सांगितलेलं माप त्यांनी धरलं. ६७ हा आकडा त्यामुळे साहेबाच्या दृष्टीने गरीब असलेल्यांचा नाही. आपल्याच मापाने आपलं भागत नाही, असं ज्यांच्या बाबतीत ठरलं त्यांचा तो आहे. एवढ्या कोरड्या तक्त्याच्या तळाशी शेवटी कोणाच्या तरी ओट्यावरचं बोलणंच आहे.

आणि कर्ज! दख्खनच्या शेतकऱ्याला त्याचं कर्ज विचारणं सोपं नाही. १८७५च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या नि खतं जाळली, मग सरकारने कमिशन नेमलं, १८७९ला कायदा केला. तेव्हापासून कर्ज विचारायला येणारा माणूस म्हणजे काहीतरी काढून घ्यायला किंवा काहीतरी द्यायला आलेला, अशी गावाची धारणा. काढून घेणार असं वाटलं तर कर्ज फुगतं, मुलीचं लग्न ठरवायचं असलं तर आटतं. मोजणाऱ्याला आकडा लिहिण्याआधी समोरच्या माणसाचा अंदाज घ्यावा लागतो. हे कौशल्य कोणत्याच तक्त्यात दिसत नाही, पण ते नसेल तर तक्ता फुकट.

आत्र्यांना हे मुळीच नवं नव्हतं. मुलकी खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला आकडे कसे जन्मतात ते चांगलं ठाऊक असतं. आणेवारीच घ्या. पीक किती आलं ते रुपयात किती आणे म्हणून ठरवायचं आणि त्यावर सारासूट द्यायची की नाही ते बघायचं. पीक उभं असताना बांधावर थांबून नजरेनेच आणे ठरत. पाटील म्हणणार चार आणे, वरून आलेला अंमलदार म्हणणार आठ, शेवटी कागदावर सहा. पुढे त्या सहांची तालुक्याची सरासरी निघे, जिल्ह्याची निघे, आणि मुंबईला अहवालात ती दशांश चिन्हासकट विराजमान होई.

(ही नजर काढून टाकायचा प्रयत्न १९४०च्या दशकात झाला. साताऱ्याकडच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी पीक कापणी प्रयोगाची पद्धत बसवली: शेत चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडायचं, त्यात तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा, वजन करायचं. त्यात सुखात्म्यांचा कलकत्त्याचे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्याशी वाद झाला तो तुकडा केवढा असावा यावर. महालनोबिस छोट्या वर्तुळाच्या बाजूने. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा लहान घेतला की उत्पन्न फुगून येतं, कारण हद्दीवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. नजर घालवली तर हात शिल्लक राहिला!)

तर 'गावगाडा'. या पुस्तकाची खरी ताकद खळ्यावर दिसते. ज्वारीची मळणी झाली, वारं लागलं, रास पडली. आता ही रास घरी जायची. पण त्याआधी सुतार येतो, लोहार येतो, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट, गुरव. ज्याचं त्याचं बलुतं ठरलेलं, कोणाचा हक्क कितव्या ओळीतला तेही ठरलेलं. मागोमाग आलुतेदार. मग नाना पंथांचे, नाना खेळांचे फिरस्ते, कोणी देवाच्या नावाने तर कोणी नुसतं हात पसरून. सूप भरून, ओंजळ भरून, मूठ भरून रास बसत जाते. शेतीच्या ताळेबंदात हे सगळं खर्चाच्या बाजूला एका आकड्यात मावतं. आत्रे तो आकडा फोडून एकेक मूठ कोणाच्या पदरात पडली, कोणत्या नात्याने पडली, नाही दिली तर काय होतं, हे सांगतात. लोहाराने फाळ शेवटायला उशीर केला, न्हाव्याने ऐन लग्नात पाठ फिरवली, हे 'नाही दिलं'चे परिणाम. मामूल या एका शब्दात बसलेली ही जरब मोजायची कशी?

पण 'गावगाडा' वाचताना मला दर दहा पानांनी थांबावंसं वाटतं, आणि ते का हेही सांगायला हवं. आत्रे राशीच्या एका बाजूला उभे आहेत. त्यांची सगळी कणव कुणब्यासाठी आहे. तो राबतो आणि बाकीचे त्याला लुटतात, हा पुस्तकाचा सूर. त्यामुळे फिरस्ते म्हणजे उपद्रव, आणि वतनदार महार म्हणजे काम थोडं नि मागणी फार. १९११ साली याच लेखकाने 'गुन्हेगार जाती' नावाचं पुस्तक लिहिलं होतं. जन्मानेच माणसाला गुन्हेगार ठरवणारा सरकारी शिक्का त्यांनी फारशी खळखळ न करता उचलला. इतका बारीक कान असलेला माणूस, पण फिरस्त्याला त्याची बाजू विचारलेली दिसत नाही. ऐकणाऱ्या पद्धतीचा हा जुना धोका आहे. कोणाचं ऐकलं नाही याची नोंद होत नाही. तक्त्यात रकाना रिकामा राहिला तर तो रिकामा दिसतो तरी. गोष्टीत न आलेलं माणूस दिसतच नाही.

मान यांचं श्रेय इथे त्यांना द्यायला हवं. पुण्यातल्या अस्पृश्य वस्त्यांवर त्यांनी १९१२लाच लिहिलं होतं, आणि दख्खनच्या एका गावातल्या महारांवर १९१६ साली स्वतंत्र लेख लिहिला. त्यांच्या हिशेबात महाराचं घरही घरच होतं. कुणब्याच्या घराइतकीच एक ओळ, तेवढेच रकाने. मोजणीत अशी एक अजाण समता असते.

आता या गोष्टीतला तिसरा माणूस. कोलंबियात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकून १९१७ साली परतलेले डॉ. आंबेडकर. पुढच्याच वर्षी त्यांनी हिंदुस्थानातल्या लहान धारणक्षेत्रांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी सगळ्या विद्वानांचं एकमत होतं: जमिनीचे तुकडे फार झाले, ते जोडा, वाढवा, वारसाचा कायदा बदला. मान यांचं पिंपळे सौदागर या युक्तिवादाचा बिनतोड पुरावा म्हणून पुढे केलं जात होतं. ४०वरून ७. याहून जास्त काय सांगायचं?

आंबेडकरांनी पिंपळे सौदागरचेच आकडे घेतले. पण जमिनीच्या रकान्यावर न थांबता ते शेजारच्या रकान्याकडे वळले: गावात बैल किती, नांगर किती. आणि जमीन भागिले बैलजोड्या असा हिशेब केला. त्यांचं म्हणणं असं की धारणक्षेत्र फायद्याचं की तोट्याचं हे एकराच्या आकड्यावरून ठरत नाही. कुटुंबाला खायला किती लागतं यावरूनही नाही, कारण तो खाण्याचा हिशेब झाला, पिकवण्याचा नव्हे. जमीन, माणसं आणि अवजारं यांचं एकमेकांशी प्रमाण काय, ते बघायचं. तसं बघितलं तर या गावातली खाती लहान नव्हती. हाताशी असलेल्या बैल-नांगरांच्या मानाने ती मोठीच होती! मग नुसती जमीन वाढवून काय होणार? दुखणं भांडवलाच्या टंचाईचं आणि शेतीवर पडलेल्या रिकाम्या माणसांच्या भाराचं आहे. माणसं कारखान्यांकडे वळवा, असा त्यांचा निष्कर्ष. तेच गाव, तेच तक्ते. मान यांनी गोळा केलेले आकडे मान यांच्याच निष्कर्षावर उलटले.

हे वाचताना पहिल्यांदा मला गंमत वाटली होती. नंतर लक्षात आलं की हे करायला नुसतं गणित पुरत नाही. जमिनीकडे बघून गावाचा विचार करण्याची सवय जमीन असलेल्यांची. ज्याच्या घराण्याच्या वाट्याला वतन म्हणून राबणं आलं, त्याला आधी दिसतात ते हात, अवजारं, आणि रिकामे हात. याच आंबेडकरांनी दहा वर्षांनी, १९२८ साली, मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं विधेयक मांडलं. 'गावगाड्या'त कुणब्याच्या राशीवरचा बोजा म्हणून आलेलं बलुतं राशीच्या दुसऱ्या बाजूने कसं दिसतं, ते त्या विधेयकामुळे सरकारदरबारी आलं. रात्री-अपरात्री सांगावे पोचवायचे, सरकारी सामान वाहायचं, आणि त्याचा मोबदला सुगीला मिळेल तेवढा.

मान यांनी पुढे न. वि. कानिटकरांना बरोबर घेऊन शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक पाहिलं. कोरडवाहू, पवना नाही, खडकी नाही. १९२१च्या त्या दुसऱ्या पुस्तकातलं चित्र पिंपळे सौदागरहून भेसूर आहे. १९२७ला मान निवृत्त होऊन मायदेशी गेले. १९३०ला पुण्यात अर्थशास्त्राच्या संशोधनासाठी गोखले इन्स्टिट्यूट सुरू झाली, धनंजयराव गाडगीळ तिथे आले, आणि वाई तालुक्यातल्या शेतीच्या हिशेबापासून पुणे शहराच्या पाहणीपर्यंत प्रश्नावल्यांचा मोसम सुरू झाला.

मोजणाऱ्यांतली एक जोडी मला फार आवडते. मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे आणि अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. इरावतीबाई मापयंत्रं घेऊन महाराष्ट्रभर फिरल्या, निरनिराळ्या जातींच्या लोकांची डोकी, नाकं, उंच्या मोजल्या. दांडेकरांनी ते संख्याशास्त्रात बसवलं आणि १९५१ला दोघांच्या नावे पुस्तक आलं. कुंभार म्हटले की सगळे एका मुळातून फुटलेले, या समजाला इरावतीबाईंनी धक्का दिला त्यात ही मोजमापं कामी आली. पण नाकाची रुंदी सांगत नाही की मामाच्या मुलीशी लग्न कुठे चालतं नि कुठे पाप समजतात. त्यासाठी त्यांनी यंत्रं ठेवली आणि नात्यांचे शब्द, गाणी, वंशावळ्या यांच्या मागे लागल्या. १९५३चं नातेसंबंधांवरचं त्यांचं पुस्तक त्यातून आलं. दांडेकर उलट्या वाटेने गेले. नीलकंठ रथांबरोबर १९७१ साली त्यांनी २२५० उष्मांकांची रेषा आखून खेड्यांतले ४० टक्के आणि शहरांतले ५० टक्के लोक तिच्या खाली असल्याचं मांडलं. तेव्हा पुण्यात परतलेल्या सुखात्म्यांनी ती रेषाच नाकारली. माणसाचं शरीर रोज सारखंच खात नाही आणि सारखंच खर्चत नाही, त्यामुळे सरासरी गरजेवर रेषा मारली की धडधाकट माणसंही उपाशी ठरतात, हा त्यांचा मुद्दा. दोघेही पक्के आकडेवाले, दोघेही पुण्यात, आणि वाद पुढे कितीतरी वर्षं पुरला. भागतं की भागत नाही हे कोणाच्या मापाने ठरवायचं, याच प्रश्नाशी मान पिंपळे सौदागरात अडले होते.

कोट्सच्या लोणीला समाजशास्त्रज्ञ घुर्ये पुन्हा जाऊन आले. सव्वाशे वर्षांनंतरचं लोणीकंद हा त्यांच्या १९६०च्या पुस्तकाचा विषय. पिंपळे सौदागर आता पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. ज्या मळईचे तीन भावांत तीन भाग व्हायचे तिथे बारा-बारा मजले उभे आहेत, आणि क्षेत्र एकरात नव्हे तर चौरस फुटांत सांगतात. आज मान वही घेऊन तिथे आले, तर फाटकावरचा रखवालदार आधी त्यांचंच नाव लिहून घेईल. कुठून आलात, कोणत्या फ्लॅटला जायचंय, काम काय. शेवटच्या रकान्यात वेळ, आणि पुढे सही.